आडवं का लटकं

माणसाचं पुढं काय होणार, हे तो पाण्यात कसा पडून राहतो यावरून ठरतं. या वाक्याला उपनिषदाचा वास येतो. प्रत्यक्षात ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारावर खडूनं लिहिलेलं आहे, आणि त्यातला ‘माणसाचं’ हा शब्द मी वाचकांना बरं वाटावं म्हणून घातला आहे. मूळ वाक्यात ‘अळीचं’ असं आहे.

लिहिणारे वहीद मामू. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे परीक्षानळ्या धुणारा, चंबू फुटला तर कुणी फोडला ते सांगणारा आणि विज्ञानाच्या बाईंना हवी ती वस्तू हवी तेव्हा सापडू न देणारा माणूस. शिपायाची एक जागा रिकामी असल्यामुळं रोज दुसऱ्या तासाला वर्गावर्गातून हजेरीपट गोळा करून कार्यालयात पोचवायचं कामही त्यांच्याकडंच आलं आहे. पॅंटच्या एका खिशात छोटी बॅटरी, दुसऱ्यात भिंग. भर दुपारी, उघड्या मैदानात, मामू बॅटरी लावून काहीतरी शोधत असतात. नवीन शिक्षकांना पहिल्या आठवड्यात हे जरा विचित्र वाटतं. पुढं सवय होते, किंवा बदली होते.

आमच्या शाळेत कुणी नमस्कार करतं, कुणी सलाम. मामू दोन्ही करत नाहीत. ते समोरच्याच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडं बघतात आणि विचारतात, “आडवं का लटकं?”

हा प्रश्न कळायला मला एक वर्ष लागलं. मी मराठी शिकवतो, त्यामुळं आधी मला ते व्याकरणाचं काही वाटलं. मग एका शनिवारी त्यांनी मला धरून सूक्ष्मदर्शकाशेजारी बसवलं आणि दोन पांढऱ्या बशा पुढं केल्या. एकीत डासांच्या जिवंत अळ्या होत्या. त्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीनं टांगून, डोकं खाली करून लोंबत होत्या. दुसऱ्या बशीत फक्त पाणी होतं आणि पाण्यावर, अगदी सपाट, झाडूची एक काडी तरंगत होती.

“ये लटकं,” मामू म्हणाले. “घाण पाण्यातलं असो, डेंगूचं असो, सगळे लटकते. और ये आडवं. पाण्यावर चटई टाकल्यासारखं पडून राहतं. हे आडवं म्हणजे हिवताप.”

“पण ही तर काडी आहे.”

“असली अजून भेटलं नाही, सर,” मामू म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी खंत होती ती मी फक्त लग्न न जमलेल्या मुलीच्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

दर शनिवारी मुलांनी घरच्या पिंपातलं, हौदातलं, कूलरमधलं पाणी छोट्या बाटलीत भरून आणायचं, असा मामूंचा हुकूम होता. तो कुठल्याही परिपत्रकात नव्हता. परिपत्रकं काढायचा मान आमचे मुख्याध्यापक जोंधळे सर यांचा, आणि तो त्यांना फार प्रिय. तरी मुलं जोंधळे सरांचं परिपत्रक घडी घालून विमान करत, आणि मामूंची बाटली न चुकता आणत. मामू एकेक बाटली उन्हासमोर धरत, आणि सगळा वर्ग श्वास रोखून वाट बघे. “लटकं.” पुढची बाटली. “लटकं.” पुढची. “हे पाणी नाही, हा रसना आहे. कुणी आणला?” बारा वर्षं त्यांनी शनिवारी बाटल्या पाहिल्या. आडवं एकदाही निघालं नाही. हौशी कोळ्यानं रोज गळ टाकावा आणि रोज बूट निघावा, तसं चाललं होतं.

जोंधळे सरांनी एकदा मामूंच्या या कार्याला शासकीय स्वरूप द्यायचं ठरवलं. ‘दर शनिवारी सर्व पालकांनी कोरडा दिवस पाळावा’ अशी सूचना मुलांच्या वहीत उतरवून दिली. घरातलं साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडी कोरडी करायची, म्हणजे अळ्या मरतात, हा त्याचा अर्थ. सोमवारी वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणारे एक पालक गणवेशातच शाळेत आले. म्हणाले, “सर, आमच्या घरात कुणीच घेत नाय. पोराच्या वहीत असलं कशाला लिहिता?”

गैरसमज मिटला, पण अडचण राहिली. आमच्या शहरात नळाला पाणी कुणाकडं सहाव्या दिवशी येतं, कुणाकडं आठव्या. ज्या गावात पाहुण्याला पाणी देताना अर्धा पेला भरतात, तिथं पिंप ओतून द्या म्हणणं म्हणजे पगाराच्या दिवशी पाकीट गटारात टाका म्हणण्यासारखं. मामूंनी ती सूचना वाचली, भिंग लावून पुन्हा वाचली, आणि म्हणाले, “ये जिसने लिख्या ना, उसके घर बोअर है.”

जोंधळे सरांच्या घरी बोअर होती.

मामूंचा स्वतःचा मार्ग वेगळा होता. पाण्याचा दिवस असेल त्या दिवशी, नळ यायच्या आधी, तळाशी उरलेल्या पाण्यात पिंप घासून घ्यायचं, मग भरायचं, आणि भरल्याभरल्या जुनं धोतर, ओढणी, साडी जे असेल त्याचं दुहेरी कापड तोंडावर घट्ट बांधायचं. मुलांना ते विचारत, “पिंपानं पदर घेतला का?” पोरं घरी जाऊन आयांना तोच प्रश्न विचारत. एक आजीबाई रागानं शाळेत आल्या होत्या की पिंपाला पदर शिकवता आणि माझ्या सुनेला कधी शिकवणार. मामूंनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या घरच्या कूलरबद्दल तीन प्रश्न विचारले. आजीबाई परत आल्या नाहीत.

माझ्याही घरी ते एकदा आले होते, मुलाच्या बारशाला. पेढा घेतला, बाळाला आशीर्वाद दिला, आणि खिडकीतल्या मनीप्लँटच्या बाटलीवर बॅटरी मारली. “वहिनी, लटकं,” ते अदबीनं म्हणाले. पाहुण्यांपैकी निम्म्यांना ते बाळाचं नाव वाटलं. माझी बायको महिनाभर मामूंचं नाव काढू देत नव्हती, पण मनीप्लँट दुसऱ्याच दिवशी मातीत गेला.

मच्छरदाणीचं प्रात्यक्षिक हा प्रयोगशाळेतला सर्वांत लोकप्रिय तास. प्रयोगशाळेत प्लॅस्टिकचा एक मानवी सांगाडा आहे. मामू त्याला टेबलावर निजवत आणि मुलांना वर मच्छरदाणी लावायला सांगत. कडा गादीखाली खोचल्या नाहीत, तर नापास. “हा डास संध्याकाळनंतर येतो आणि उजाडेपर्यंत राहतो,” ते सांगत. “लाइट गेली तरी येतो. अभ्यास झाला नसला तरी येतो.” मग सांगाड्याकडं बोट करत. “याला विचारा. हा म्हणाला होता, आज गरम होतंय, मच्छरदाणी उद्या लावू.” सहावीतल्या मुली किंचाळत. सातवीतली मुलं पुढच्या वेळी सांगाड्याला उशी आणत.

शाळेच्या हौदात मामूंनी गप्पी मासे सोडले होते. मासे अळ्या खातात. त्यांना मामू ‘स्टाफ’ म्हणत. “स्टाफ बघून येतो,” म्हणून ते निघाले की ते शिक्षकांच्या खोलीकडं येत नाहीत एवढं नक्की असे. “हा स्टाफ पूर्ण पाळी करतो, सर. वेतन आयोगाचं नाव काढत नाही.” हे ते आमच्यासमोरच म्हणत, आणि वर आम्हालाच विचारत, “हौ की नाय?”

खरं सांगायचं तर मला मामू थोडे अति वाटत. एकाच विषयाचं वेड असलेल्या माणसाबद्दल मला आदर असतो, पण तो त्याच्यापासून पाचेक फूट लांब उभा राहून. आणि माझ्या हजेरीपटात ते डोकावतात, हे तर मला मुळीच आवडत नसे. वर्गातून कार्यालयात न्यायला तीन मिनिटं लागतात. मामूंना वीस लागत. वाटेत ते प्रयोगशाळेत थांबून पट उघडून वाचत, लोक वर्तमानपत्र वाचतात तसा. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, “सर, तुम्ही हजर बघता. मी गैरहजर बघतो.”

आता माझ्या वर्गातला एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नियमामुळं झालं. सातवी ‘ब’मध्ये गैरहजेरीला दोन कारणं चालतात. आजारी असेल तर पालकांची चिठ्ठी किंवा डॉक्टरांचा कागद. आणि नळाला पाणी आलं असेल तर काहीच नको, नुसतं ‘पाणी’ म्हटलं तरी चालेल. आईबाप कामावर, पाणी आलं तर भरणार कोण. एवढं आमच्या शहरात सगळ्यांना कळतं. मी हजेरीपटात पेन्सिलीनं बारीक ‘पा’ लिहितो. माझ्या पटात ‘पा’ भरपूर आहेत. दुसऱ्या गावाहून आलेला कुणी तो पट बघेल, तर त्याला वाटेल मुलं पावसाळ्यात घरी बसतात.

त्या वर्षी गणपती उठून गेले होते आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं होतं. एका शुक्रवारी मामूंनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. माझा पट टेबलावर उघडा होता, आणि त्यावर भिंग ठेवलेलं.

“सर, ये बच्ची कौन है?”

“शीतल खरात. का?”

“सोमवारी हजर. मंगळवारी पा. बुधवारी हजर. काल पा. आज हजर.”

“त्यांच्याकडं पाणी आलं असेल.” मला घाई होती. “हुशार मुलगी आहे, पण या महिन्यात फार खाडे झाले. प्रगतिपुस्तकात लिहिणार आहे मी ‘अनियमित’ म्हणून. लिहिलंच आहे, पेन्सिलीनं.”

मामूंनी चष्मा काढला. “तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी येतं?”

“सहाव्या. आलं तर.”

“माझ्याकडं आठव्या. हिच्या घरी दिवसाआड? कौनसे मुल्क में रहती ये?”

मी पटाकडं पाहिलं. आमच्या शहरात निवडणूक जवळ आली की जो तो एकच वचन देतो: दिवसाआड पाणी. ते अजून कुणाच्या नळाला आलेलं मी पाहिलेलं नाही. आणि माझ्याच अक्षरात, माझ्याच पेन्सिलीनं, तीन आठवडे ते शीतल खरातच्या घरी येत होतं. पट रोज मीच भरत होतो.

“मागच्याच्या मागच्या रविवारच्या आजूबाजूला बघा,” मामू हळूच म्हणाले. “शनिवारी पा. रविवार सुट्टी. सोमवारी पा. सुट्टी मधी आली तरी हिशोब चुकला नाही. खाडे करणारं पोरगं सुट्टीला धरून खाडे करतं. याला सुट्टी ठाऊकच नाही. बुखार को इतवार नहीं मालूम, सर.”

शीतलला बोलावलं. दोन वेण्या, हातात अर्धी खाल्लेली पोळी, अगदी ठणठणीत. मामूंनी विचारलं, “बेटा, काल थंडी वाजली?”

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी खडूस आहे, हे मला तेव्हा समोरून कळलं.

“वाजली.”

“दात?”

“दातं पण वाजले. मग लई गरम झालं, मग घाम आला, मग बरं वाटलं.”

“मग पाणी आलं होतं असं का सांगितलंस?” मी विचारलं.

“ताप सांगितला की डॉक्टरचा कागद लागतो, सर,” ती म्हणाली. “पाण्याला कागद लागत नाय.”

मामू माझ्याकडं पाहत नव्हते. त्यांनी ते मुद्दाम टाळलं.

त्याच संध्याकाळी ते तिच्या घरी निरोप सांगून आले, आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, आम्ही दोघं गेलो. हर्सूलच्या अलीकडं एका गल्लीत दोन खोल्या. वडील वाळूजला पाळीवर. आई एका खानावळीत पोळ्या करते. आमच्यासाठी मधल्या वेळात घरी थांबली होती. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं, की सायकलीच्या सीटवर बसवत नव्हतं. आत शीतल दोन गोधड्या आणि वर एक सतरंजी घेऊन पडली होती, आणि तिन्ही थरथरत होत्या.

“उद्या बघा कशी नाचंल,” आई म्हणाली. “एक दिस अशी, एक दिस तशी. मला वाटलं साळंचा कंटाळा. माझी बहीण म्हणली नजर लागली.”

“आज रक्त तपासू, बहेन,” मामू म्हणाले. “आज ताप आहे तोवर.”

मी तिला आणि आईला रिक्षानं आरोग्य केंद्रात नेलं. बोटाला सुई टोचली, एक थेंब काचपट्टीवर, एक थेंब तपासणीच्या पट्टीवर. आम्ही बाकावर बसलो असतानाच निकाल आला. हिवताप. सिस्टरनं गोळ्या दिल्या आणि बजावलं की थोड्या तीन दिवसांच्या आहेत, पण बाकीच्या चौदा दिवस घ्यायच्या, काहीतरी खाऊन घ्यायच्या आणि एकही चुकवायची नाही, कारण ताप लगेच जातो पण हिवताप लपून बसतो. मी मराठीचा शिक्षक आहे, मला ‘लपून बसतो’ हा शब्दप्रयोग आवडला. तेवढीच माझी त्या दिवशीची कामगिरी.

परत आलो तेव्हा मामू मोरीजवळ उकिडवे बसले होते. पुढ्यात निळं प्लॅस्टिकचं पिंप, त्यावर पत्र्याचं झाकण, झाकणाला टाचेएवढी फट. हातात एक पांढरी बशी.

“सर,” ते म्हणाले. “आडवं.”

मी वाकून पाहिलं. बशीत आठ-दहा काळसर काड्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, सपाट पडून होत्या. बशीला बोट लावलं की तिरप्या सरकत, आणि पुन्हा चटई टाकून निजल्यासारख्या स्थिर होत.

बारा वर्षं हा माणूस यासाठी बाटल्या उन्हात धरत होता. मला वाटलं, आता निदान हसतील. ते बशीकडं बघत राहिले. मग पुन्हा गोधडीत शिरलेल्या शीतलकडं बघितलं, आणि म्हणाले, “नको भेटलं असतं.”

आईनं पिंपाकडं पाहिलं. “मामू, परवाच भरलंय हो. समदं ओतायचं?” तिचा आवाज मुलीच्या तापापेक्षा त्या वेळी जास्त हलला होता, आणि आमच्या शहरातल्या कुणीही याचं नवल करू नये. पुढचं पाणी चार दिवसांवर होतं. घरात तापाचं पोर होतं. ओतलं तर तिला प्यायला काय, आणि नाही ओतलं तर चार दिवसांत त्या काड्यांना पंख.

“ओतायचं नाय,” मामू म्हणाले. “कापड द्या. साफ, पांढरं.”

त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे त्यात भाषण नाही, फीत नाही. एका साठीला टेकलेल्या माणसानं पिंपातलं सगळं पाणी तांब्या-तांब्यानं चौपदरी कापडातून गाळून घरातल्या भांड्यांत काढलं. हंडा भरला, कळशी भरली, कुकर भरला, डब्यांची झाकणं भरली. मी तांब्या द्यायला पुढं झालो, तर म्हणाले, “सर, तुमचा हात हलतो.” मग पिंप आडवं करून आतून नारळाच्या शेंड्यांनी घासलं. मग सगळं पाणी परत आत ओतलं, पुन्हा गाळून. कापडावर उरलेल्या अळ्या त्यांनी बाहेर तापलेल्या फरशीवर झटकल्या आणि वाळेपर्यंत पाहत उभे राहिले. पिंपाच्या तोंडाला आईच्या जुन्या साडीचं दुहेरी कापड बांधलं, सुतळीचे तीन वेढे. दीड तास लागला. मी दारात उभा राहून जमीन पाहत होतो. मोरीबाहेरची फरशी कोरडी होती.

मी आयुष्यात बरेच थोर लोक व्यासपीठावर पाहिले आहेत. एक थेंब न सांडता पिंपभर पाणी गाळणारा एकच पाहिला.

“पिंपानं पदर घेतला,” मामू आईला म्हणाले. “आता पोरीला मच्छरदाणी.” आणि पिशवीतून प्रयोगशाळेची मच्छरदाणी काढली. सांगाडा त्या दिवसापासून उघडाच निजतो.

तिसऱ्या दिवशी शीतलचा ताप गेला, आणि मामूंची काळजी सुरू झाली. ताप गेला की गोळ्या कोण घेतं? आई पहाटेच खानावळीत जाणार, मुलगी खेळणार. मामूंनी आईकडून गोळ्या शाळेत मागवून घेतल्या. रोज मधल्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर, शीतल प्रयोगशाळेत जायची. मामू परीक्षानळी धुवावी तसा लखलखीत पेला पुढं करायचे. गोळी, पाणी, मग “आ कर.” ती आ करायची, ते बॅटरी मारून बघायचे. “जीभ उचल.” प्रयोगशाळेतल्या फळ्यावर एक उभी रेघ वाढायची. रविवारी ते पेल्यासकट हर्सूलला जायचे.

त्याच दोन आठवड्यांत सातवी ‘ब’ची मुलं त्या गल्लीतल्या घराघरांत ओढण्या आणि सुतळी घेऊन फिरली. आणखी दोन पिंपांत आडवं निघालं, आणि चौथीतल्या एका मुलाला ताप. तोही दिवसाआड येणारा. त्याचे शिक्षक त्याला दर दुसऱ्या दिवशी बाकावर उभा करत होते. त्यालाही गोळ्या लागल्या, आणि फळ्यावर रेघांची दुसरी रांग सुरू झाली.

शिक्षकांच्या खोलीत एकदा त्या मुलाचा विषय निघाला. एक सर म्हणाले, ते पोरगं मुळातच वाया गेलंय, बघूनच कळतं. मामू हजेरीपट ठेवायला आले होते. म्हणाले, “सर, हिवतापाचा डास लहानपणी पाण्यात सीधा पडतो. मोठा झाला की भिंतीवर तिरका बसतो, डोकं खाली, ढुंगण वर. दुसरे डास उलटे. छोटे असताना लटकतात, मोठेपणी भिंतीवर सीधे. बच्चे को बचपन में देख के फैसला नक्को करो.” आणि पट ठेवून गेले. खोलीत जो तो आपण भिंतीला कसे टेकलो आहोत ते तपासत होता.

जोंधळे सरांना हे सगळं कळलं, तेव्हा त्यांनी त्यांना जे येतं ते केलं. हिवताप प्रतिबंध सप्ताह. उद्घाटनाला सभागृहाच्या प्रवेशद्वाराशी पितळेचं मोठं घंगाळ ठेवलं, त्यात पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि तरंगते दिवे. समारोपाला एक पाहुणे, शाल, श्रीफळ, आणि ‘आरोग्यदूत’ असं लिहिलेलं सन्मानपत्र. पाहुण्यांनी हिवतापाच्या इतिहासावर पाऊण तास सांगितलं आणि घड्याळ पाहिलं. मग सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायला सांगितलं.

मामू माइकपाशी गेलेच नाहीत. शाल खांद्यावर घेऊन ते पायऱ्या उतरले, सरळ दारातल्या घंगाळापाशी गेले, दोन बोटांनी पाकळ्या बाजूला सारल्या आणि बॅटरी लावली. पाकळ्यांखालचं पाणी उद्घाटनापासून कुणी बदललं नव्हतं.

“लटकं,” मामू म्हणाले.

मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. जोंधळे सरांनी त्या पाहुण्यांसाठी आहेत असं समजून मान तुकवली.

सभा संपल्यावर मी प्रयोगशाळेत गेलो. मामू मिळालेली शाल दुहेरी करून प्रयोगशाळेतल्या पिंपाच्या तोंडाला बांधत होते. जरीचा काठ बाहेर, सुतळीचे तीन वेढे. “कापड चांगलं आहे,” ते म्हणाले.

मी विचारायचं म्हणून विचारलं, “मामू, पण हजेरीपट पाहून कळलं कसं? डॉक्टरलाही कळलं नसतं.”

त्यांनी कपाट उघडलं. रसायनांच्या बाटल्यांमागून एक पिवळं पडलेलं, कडा झिजलेलं प्रगतिपुस्तक काढलं. पैठणच्या बाजूचं गाव, कालव्याकाठची शाळा, इयत्ता चौथी. त्यांचे वडील कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी होते. घर पाटाच्या कडेला. मी शेवटचं पान पाहिलं. शिक्षकाचा शेरा, बोरूनं लिहिल्यासारख्या वळणदार अक्षरात: ‘मुलगा हुशार आहे, परंतु दिवसाआड.’

“गुरुजी अच्छे थे,” मामू म्हणाले. “हातच भारी होता. जिस दिन जाता था उस दिन मारते थे, कल क्यों नहीं आया म्हणून. अब्बा घरी मारायचे, आज का नाही गेला म्हणून. दोन साल चौथीत. मग सोडलं. नंतर लई वर्षांनी नाइट स्कूलला मॅट्रिक केलं, तवर इथं लागलो होतो.” त्यांनी प्रगतिपुस्तक माझ्या हातातून घेतलं. “गोळी एक दिवस कोणी आणून दिली असेल. चौदा दिवस कुणी दिली नाही.”

ते बॅटरीचा सेल काढून पुन्हा बसवत होते, त्याची काही गरज नव्हती.

“आडवा भी मैंच पड्या था, सर,” ते म्हणाले, “और लटक्या भी मैंच.”

खाली घंटा झाली. स्टाफ बघून येतो, असं म्हणून ते हौदाकडं गेले.

मी वर्गात जाऊन शीतल खरातचं प्रगतिपुस्तक काढलं. पेन्सिलीनं लिहिलेलं ‘अनियमित’ खोडलं. खोडरबरानं कागद थोडा फाटला. त्या जागी शाईनं लिहिलं, ‘मुलगी हुशार आहे. रोज.’

दुसऱ्या दिवशी जोंधळे सरांनी ते सहीविना परत पाठवलं. शेवटच्या शब्दाभोवती लाल शाईनं गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं: ‘वाक्य अपूर्ण.’